पानं गळायची तेव्हा गळतील, सही मात्र थांबवा

एका वाचक काकूंचं पत्र आलंय. तसं मोठं होतं, थोडं कमी करून देतोय. भाषा मात्र त्यांचीच ठेवलीय, आपल्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी टायपो समजू नये.

"सर नमस्कार. मी शुक्रवार पेठेत राहतो, वय ६३. आमचे हे एसटीत होते, ते जाऊन दोन वर्षं झाली. घर जुनं आहे, ह्यांच्याच नावावर, आता शेजारची दोन घरं आणि आमचं मिळून बिल्डरला द्यायचं चाललंय. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई तू आता इकडंच ये, सामान फार आणू नको, पुस्तकांचे दोन बॉक्स बास. ह्यांची तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत. २०१९ च्या पुरात खालचे दोन कप्पे भिजले तेव्हा ह्यांनी एकेक पान सुटं करून फॅनखाली वाळवलं होतं, ती फुगलेली पुस्तकं पण टाकू दिली नाहीत. आता मी आवरायला बसलो की एक पुस्तक काढतो, पुसतो आणि परत तिथंच ठेवतो. गणपतीपासून हेच चाललंय. मुलगी टोरांटोला आहे, तिनं ऑटम, बदल, लेटिंग गो असल्या विषयांवरची तीन इंग्रजी पुस्तकं पाठवली, म्हणाली आई वाच, झाडं बघ कशी पानं सोडून देतात. मी घेतो वाचायला पण दोन पानांत झोप येते. माझं काही चुकतंय का? मराठीत असं काही आहे का की ज्यानं मनाची तयारी होईल? पाडवा झाला की हक्कसोडपत्रावर सही करायची आहे, पैसे मुलाच्या अकाउंटला जाणार आहेत, त्याला सोपं पडतं म्हणून. त्याच्या आत घर रिकामं व्हायला पाहिजे."

काकू,

झोप येते यात तुमचं काही चुकत नाही, हे आधी मिटवून टाकू. त्या पुस्तकांतलं जे काय आहे ते तुमच्या मुलीच्या खिडकीबाहेर आत्ता खरंच चालू आहे. तिकडं ऑक्टोबरात दिवस भराभर लहान होतात, थंडी चढते, पुढं जमिनीतलं पाणीच गोठणार म्हटल्यावर झाडाला पानं सांभाळणं परवडत नाही, मग मेपल लाल होतो आणि आठ-पंधरा दिवसांत फुटपाथ पानांनी भरतो. ती रोज त्यातनं ऑफिसला जाते, तिला ते पटणारच. आणि तुम्ही ते वाचताय कुठं, तर शुक्रवार पेठेत, ऑक्टोबर हीटमध्ये, दुपारी फॅन फुल करून, बाहेर फराळाच्या वासाचं वातावरण, शिवारात भात कापणीला आलेलं, गुऱ्हाळवाले चुलवाण सारवायला लागलेत, कारखान्यांच्या हंगामाची आणि ऊसदराची बोलणी चाललीत. यात पान कुठं गळतंय? आपल्याकडं हा भरायचा सीझन आहे, सोडायचा नाही.

गंमत सांगतो, इंग्रजीत ऑटमवरची सगळ्यात गाजलेली जी कविता आहे, कीट्सची, १८१९ च्या सप्टेंबरात लिहिलेली, तिच्यात गळणारं पान एक पण नाही. सफरचंदानं वाकलेली झाडं आहेत, मधमाश्या आहेत, पीक कापलेल्या रानातली धसकटं आहेत, आणि सायडर गाळायच्या घाण्यापाशी बसून शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहणारं कोणीतरी आहे. म्हणजे गुऱ्हाळच की हो. ते पानं-बिनं सोडून द्यायचं तत्त्वज्ञान त्याच्यावर नंतरच्या लोकांनी लादलं.

आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. तेव्हा पन्हाळ्याच्या बाजूला किंवा राधानगरीच्या रस्त्याला गेलात तर साग, पळस, पांगारा, सगळे उघडे होऊन उभे दिसतात. आणि तिथं कारण थंडी नाही, पाणी आहे. पाऊस थांबून तीन-चार महिने होऊन गेले, जमिनीतली ओल खाली गेली, पानातून मात्र पाणी उडतच राहतं, तेव्हा झाड पानं कमी करतं. यात वैराग्य वगैरे काही नाही, खर्च कमी करायचा म्हणून केलेलं काम आहे ते. अजून एक गोष्ट, झाड पान असंच टाकून देत नाही, आधी त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस जेवढा जमेल तेवढा खोडात परत ओढून घेतं, मग देठाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि मग पान सुटतं. हे सेल्फ हेल्पवाले ह्या परत ओढून घेण्याबद्दल कधी बोलत नाहीत, सगळे नुसतं सुटण्याबद्दल बोलतात. तुम्ही गणपतीपासून पुस्तक काढताय, पुसताय, परत ठेवताय, ते मला तरी ह्या मधल्या कामासारखंच वाटतं, त्याला वेळ लागतो आणि लागू दे.

आता त्या तीन पुस्तकांचं. फ्रेडी नावाच्या पानाचं जे आहे ते लिओ बुस्कालियांचं, १९८२ चं, लहान मुलांना मरण म्हणजे काय ते सांगण्यासाठी लिहिलेलं. फ्रेडी घाबरतो, डॅनियल नावाचं मोठं पान त्याला समजावतं, शेवटी बर्फ पडतो आणि फ्रेडी सुटतो. गोड आहे, नातवंडांना वाचून दाखवा. पण ते सगळं पानाच्या बाजूनं लिहिलंय. पानाला काही ठरवावं लागत नाही. तुम्हाला प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, हे ठेवू का हे देऊ, असं ठरवायला लागतंय, आणि वर ह्यांनी कव्हर घालून आत पहिल्या पानावर तारीख टाकलेली असणार. त्यात फ्रेडी काय मदत करणार.

मूमिनवालं मात्र बाजूला टाकू नका. टोव्हे यान्सन ही फिनलंडची लेखिका, स्वीडिशमध्ये लिहायची, आणि 'मूमिनव्हॅली इन नोव्हेंबर' ही १९७० ची, मूमिन नावाच्या कुटुंबाच्या गोष्टींच्या मालिकेतली शेवटची कादंबरी. दिसायला लहान मुलांची आहे म्हणून तुम्ही दोन पानांत मिटलीत असणार, पण तिच्यातलं मुख्य काय ते सांगतो. आधीच्या सगळ्या पुस्तकांत ज्या कुटुंबाच्या गोष्टी आहेत ते कुटुंब ह्या पुस्तकात घरातच नाही. एकेक जण त्यांच्याकडं म्हणून येतो, बघतो तर घर रिकामं, मग सगळे तिथंच राहतात, भांडतात, स्वयंपाक करतात, वाट बघतात. यान्सनची आई त्याच वर्षी गेली. त्यात एक फिलीजॉन्क म्हणून बाई आहे, स्वच्छतेचं भयंकर वेड, सुरुवातीलाच खिडकी पुसता पुसता छपरावरून घसरते, कशीबशी वाचते आणि त्यानंतर तिला फडकं हातात धरवत नाही. शेवटाकडं तीच बाई दुसऱ्याचं ते घर झाडून पुसून लख्ख करते. मधे काय होतं ते मी सांगत नाही, पण तुमच्यासारखं फडकं घेऊन कपाटापुढं बसणाऱ्या बाईला ते वाचताना झोप येणार नाही असं वाटतं. पहिली वीस-पंचवीस पानं नेट लावा.

तिसरं, कव्हरवर मेपलचं पान असलेलं. ते द्या सोडून, लेखिकेचाच सल्ला आहे.

मराठीत काय वाचू विचारलंत. मनाची तयारी करून देणारी पुस्तकं मी सांगणार नाही कारण तसली पुस्तकं तयारी करून देत नाहीत, फक्त आपली तयारी झाली नाही याची टोचणी लावतात. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' ह्यांच्या कपाटात नक्की असणार, १९५६ चं पुस्तक, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. सलग वाचायचं नाही. आत्ताचा महिना वाचा, मग थांबा, मग पुढचा महिना लागला की पुढचा. दुर्गाबाई झाडाकडं झाड म्हणून बघतात, रंग कुठला, वास कसला, सावली कशी पडते, लोक त्या दिवसांत कुठला सण करतात, त्याच्यातनं तुम्हाला शिकवण काढून हातावर ठेवायची घाई त्यांना नाही. माघ येईपर्यंत तुम्ही पुण्यात असाल, तिथं गॅलरीतून एखादं झाड दिसत असलं तर ते बघून माघाचा लेख वाचा. हे पुस्तक दोन बॉक्सात पहिलं जाणार, यावर चर्चा नाही.

इंदिरा संतांच्या कविता. बेळगावच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. १९४६ साली त्यांचे पती गेले, त्यानंतर 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', एकामागून एक संग्रह आले, आणि त्यात कुठं मन मोकळं करा, पुढं जा असला उपदेश नाही. गेलेल्या माणसाबरोबर राहता येतं, तेही वर्षानुवर्षं आणि कुणाला त्रास न देता, हे त्या कविता वाचताना समजतं. रात्री एखादी वाचायची, एवढंच. दिवसा आवराआवरीच्या मधे नको, काम अडेल.

यापुढं मी जी दोन नाटकं सांगतोय ती तुम्ही पाहिलेली असणार, केशवराव भोसले नाट्यगृहात नाहीतर टीव्हीवर तरी, पण परत वाचा कारण त्यांच्यावर माझा सगळा जोर आहे. एक महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', १९८५ चं. वडील गेलेत, तेराव्याला माणसं जमलीत, खिशात पैसा नाही पण देशपांड्यांचा तोरा काही उतरत नाही आणि वाड्याच्या पुढं एक ट्रॅक्टर गंजत पडलाय. हे न सोडणाऱ्यांचं नाटक. आणि दुसरं शिरवाडकरांचं 'नटसम्राट', १९७० चं, ते बरोबर उलटं. अप्पासाहेब बेलवलकर सगळं सोडतात. आनंदानं, भरल्या घरात, जे होतं नव्हतं ते पोरांच्या नावावर करून टाकतात, आणि पुढं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आपण सगळे त्यातली स्वगतं पाठ करून बसलोय पण त्या पहिल्या वाटणीच्या प्रसंगाकडं कुणी नीट बघत नाही. अप्पासाहेबांचं मन मोठं होतं, त्यांना सोडता येत होतं, तिथंच घात झाला.

म्हणून आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींकडं येतो. पुस्तकांवर तुम्ही पानभर लिहिलंय आणि घरावर दोन ओळी. मला त्या दोन ओळी वाचून पुस्तकांची काळजी वाटेनाशी झाली.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, आई इकडं ये म्हणणारा मुलगा चांगलाच असणार, आणि सोपं पडतं म्हणून पैसे एका अकाउंटला घेणं यात त्याच्या मनात पाप असेल असं पण नाही. पण हक्कसोडपत्र ही सोयीची गोष्ट नाही. घर ह्यांच्या नावावर होतं म्हणताय, ते त्यांनी स्वतः घेतलेलं असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल आणि तुमच्या सासूबाई हयात नसतील तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तुमचा, मुलाचा आणि मुलीचा सारखा हिस्सा होतो, तिघांचा तीनात एक. वडिलोपार्जित असेल तर गणित बदलतं, पण तुमचा हिस्सा असतोच. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालं की तुम्हाला एकटीला ते मागं घेता येत नाही, कोर्टात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे दाखवावं लागतं, आणि कोण आई मुलाविरुद्ध ते करायला जाणार? ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे हे खरं, पण त्याची पायरी चढायची वेळच कशाला आणायची.

शिवाय बिल्डरला जागा द्यायला हक्क सोडायची गरजच नसते. सिटी सर्व्हेला वारसा नोंद करून घ्या, प्रॉपर्टी कार्डावर तिघांची नावं लागू देत, मग बिल्डरबरोबरच्या करारावर तिघांनी सह्या करायच्या आणि तुमच्या हिश्श्याचा चेक तुमच्या नावाच्या खात्यात. त्यातनं मुलाला फ्लॅटसाठी द्यायचे असले तर खुशाल द्या, तुमच्या हातानं द्या. पुण्यातल्या घरात राहायला जाताना आपल्या पासबुकात आपले पैसे असणं आणि नसणं यात फार फरक पडतो काकू, रिक्षाला दोनशे रुपये मागायला लागले की कळतं. करार तुमच्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, बिल्डरनं सुचवलेल्या नको. आणि पाडव्यानंतरची तारीख म्हणजे काही लग्नाचा मुहूर्त नाही, महिनाभर पुढं गेली तर कुणाचं काही अडत नाही.

मुलगा याच्यावर चिडला तर त्याला वडिलांच्या कपाटातलं 'ययाति' काढून द्या. खांडेकरांनी शिरोड्याची शाळा सोडल्यावर पुढचं सगळं आयुष्य आपल्या कोल्हापुरात काढलं, १९५९ ला आलेलं हे पुस्तक, त्यालाच पुढं ज्ञानपीठ मिळालं, कोल्हापूरच्या वाचणाऱ्या घरात ते नाही असं होत नाही. त्यात बाप मुलाकडं तारुण्य मागतो आणि मुलगा देऊन टाकतो. घेणाऱ्याला काय वाटतं, कसं वाटतं, त्यावर सगळी कादंबरी उभी आहे. त्याला नीट कळेल.

झालं, आता कपाटं. ते त्यामानानं सोपं आहे.

तुम्ही सगळे जे करतात तेच करायच्या बेतात असणार, चांगली पुस्तकं ठेवायची आणि खराब झालेली रद्दीत. माझं मत उलटं आहे. 'ययाति' कुठल्याही दुकानात मिळतं, 'ऋतुचक्र' मिळतं, मृत्युंजय, स्वामी, बटाट्याची चाळ, सगळं मिळतं, आज दिलं आणि उद्या आठवण आली तर फोनवरून मागवता येतं. ती पुरातली फुगलेली पुस्तकं जगात दुसरीकडं कुठं मिळणार नाहीत. कडेला मातीची तपकिरी रेघ, पानं पापडासारखी कडक, कुठं दोन पानं चिकटून त्यातली शाई उलटी उमटलेली, आणि सगळी एकेक करून एका माणसानं फॅनखाली धरलेली. त्यातली तुम्हाला हवी ती ठेवा. फक्त काळी किंवा हिरवट बुरशी दिसते का ते बघा, असेल तर ती घरात नको, दमा होतो, ती गेलीच पाहिजेत. बाकीची दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवून, कोरड्या ब्रशनं झटकून, वेगळ्या बॉक्समध्ये भरा, चांगल्या पुस्तकांत मिसळू नका. लायब्ररी तसली पुस्तकं घेत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे, एका पुस्तकाची बुरशी रॅकभर होते.

चांगली पुस्तकं द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तक मणक्याला धरून उलटं करून झटका. एसटीची तिकिटं, दुकानाची बिलं, जाळी पडलेलं पिंपळपान, कुणाचं तरी पोस्टकार्ड, काय काय पडेल. ते सगळं एका डब्यात. पेन्सिलीनं समासात काही लिहिलेलं असेल तर मोबाईलवर फोटो काढा, नात शिकवेल अल्बम कसा करायचा. मग पुस्तक द्या.

कुठं द्यायची? करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, तिथं आधी विचारा. पण टेम्पो भरून थेट दारात जाऊ नका, कुठल्याच लायब्ररीला ते आवडत नाही, आधी यादी करून न्यायची, नाव-लेखक एवढं पुरे, त्यांच्याकडं नसलेली ते घेतील. जुनी, दुर्मिळ, कोल्हापूर संस्थानच्या काळातली वगैरे काही असतील तर शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात दाखवा. राहिलेल्यांसाठी माझा आग्रह गावाकडच्या वाचनालयांचा आहे, कागल, गारगोटी, चंदगडकडं अशी बरीच आहेत जिथं कथा-कादंबऱ्या अजून फाटेपर्यंत वाचल्या जातात. ह्यांच्या एसटीतल्या जुन्या दोस्तांपैकी कुणाला तरी फोन करा, कुठल्या गावात चालू वाचनालय आहे ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असतं. आणि शिल्लक राहील ते रद्दी. रद्दीवाल्याला बोलावताना तुम्ही घरात थांबू नका, शेजारच्या वहिनींना सांगा आणि अंबाबाईला जाऊन या.

दोन बॉक्सचं म्हणाल तर चार सांगा. पलंगाखाली चार बॉक्स बसतात, मी बसवलेत.

राहता राहिली मुलगी. हे उत्तर तिला व्हॉट्सअ‍ॅप करा. त्या हक्कसोडपत्राचं तिला कुणी सांगितलंय का ते विचारा, कारण घर एकट्या मुलाच्या नावावर जाणार असेल तर सही एकट्या तुमची नाही, तिची पण लागणार, आणि ती येऊ शकत नसली तर टोरांटोच्या भारतीय वाणिज्य वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं लागणार. तीन पुस्तकं पाठवेपर्यंत तिला हे माहिती होतं का नव्हतं, त्यावर पुढचं बरंच ठरेल. काय म्हणाली ते मला कळवा.